उघड्यावर लावलेली गाडी

जांब समर्थमध्ये मोटारसायकल कुणी राखत नाही. अंगणात, लिंबाखाली, देवळासमोर, जिथे मालक उतरला तिथे ती उभी. बऱ्याचदा चावीही तिच्यातच. घनसावंगी तालुक्यातलं हे गाव समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या पिढीतल्या अनेकांना मात्र पोटासाठी ते सोडून जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे गाठावं लागलं. मी संभाजीनगरजवळच्या वाळूजला आलो. १९८५ मध्ये इथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आसपास वसाहत वाढली आणि बजाजनगर झालं. ज्या परिसरात मोटारसायकली तयार होतात, तिथेच त्या ठेवायला जागा नाही. भाड्याच्या खोलीत माणूस कसाबसा मावतो, गाडी रस्त्यावरच राहते. रस्त्यावर राहणाऱ्या गाडीसोबत बरीच वर्षं काढली. त्यात जे पाहिलं, फिटरांकडून आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून जे कळलं, ते क्रमाने सांगतो.

१. गावची सवय वेशीपर्यंतच

गावात गाडीला कुलूप लागत नाही, कारण कुणाची गाडी कुणाची हे सगळ्या गावाला माहीत असतं. परका माणूस तिच्यावर बसला तर पारावरचा म्हातारासुद्धा हटकतो, "का रे बाबा, कुणाचा तू?" गाडी त्या एका प्रश्नावर सुरक्षित असते. शहरात तो प्रश्न कुणी विचारत नाही. चोर तुमच्या गाडीवर बसून अर्धा तास खटपट करत असला, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याची गाडी चालू होत नाही. एखादा धक्का मारायलाही पुढे येतो.

आणि गावावरचा हा भरवसाही आता पहिल्यासारखा उरलेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या राम मंदिरातून समर्थांच्या देवघरातल्या म्हणून पुजल्या जाणाऱ्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. पोलिसांनी त्याच वर्षी त्या शोधून आणल्या, पण ‘आपल्या गावात कोण चोरतंय’ हे वाक्य त्यानंतर कुणी छातीठोकपणे म्हणत नाही. जिथे देव हलवले गेले, तिथे मोटारसायकलीची काय कथा. म्हणून पहिला नियम साधा. गाडीवरून उतरलात की चावी काढायची. दूध टाकायला गेलात तरी, पानटपरीवर दोन मिनिटं थांबलात तरी.

२. चोर गाडी निवडत नाही, सोय निवडतो

माझी गाडी जुनी, तिला कोण विचारतंय, असं पुष्कळ जण म्हणतात. उलट जुन्या, साध्या, रस्त्यावर सगळीकडे दिसणाऱ्या गाड्यांनाच मागणी असते. स्प्लेंडरसारखी गाडी गर्दीत कुणाच्या नजरेत भरत नाही. तिचा प्रत्येक भाग कुठल्याही गावात खपतो आणि तिचं काम कुठल्याही फिटरला येतं. महागडी बुलेट चोरली तर आवाजावरून, दिसण्यावरून लोक ओळखतात. साध्या गाडीला ओळखच नसते.

चोरीचे प्रकारही वेगवेगळे. कुणी पोरं पेट्रोल संपेपर्यंत फिरवून गाडी रस्त्याच्या कडेला टाकून देतात. कुणी ती सुटी करून भाग विकतो. कुणी आडबाजूच्या गावात कागद नसताना निम्म्याहून कमी किमतीत देऊन टाकतो. आणि कुणी तिच्यावर बसून बायकांच्या गळ्यातलं ओढून पळतो. मग पोलीस नंबरावरून तुमच्या दारात येतात. या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, कमी वेळ. रांगेतल्या दहा गाड्यांत ज्या गाडीला सगळ्यात कमी वेळ लागेल, ती जाते. आपल्याला गाडीचा किल्ला करायचा नाही. चोराला शेजारून पुढे जावंसं वाटेल, एवढाच वेळखाऊपणा तिच्यात आणायचा आहे. पुढचे सगळे धडे याच एका गोष्टीचे आहेत.

३. हँडल लॉक लावाच, पण त्यावर विसंबू नका

हँडल डावीकडे वळवून चावी फिरवली की कुलपातून एक लहानशी पिन बाहेर येते आणि हँडलच्या दांडीजवळच्या खाचेत बसते. एवढाच त्याचा जोर. पाय देऊन जोराचा हिसका मारला की ती पिन तुटते किंवा खाच फाटते. त्यानंतर इग्निशनच्या वायरी जोडून गाडी ‘डायरेक्ट’ करायला सराईताला फार वेळ लागत नाही. तरीही हँडल लॉक लावायचाच. उनाड पोरांना तो पुरतो आणि सराईताला आवाज करायला लावतो.

दुसरं म्हणजे आपल्या चावीची परीक्षा घ्या. गाडी चालू असताना चावी हाताने ओढून निघत असेल, किंवा दुसऱ्याच गाडीची चावी आपल्या कुलपात फिरत असेल, तर कुलपाच्या आतल्या पट्ट्या झिजल्या आहेत. अशा गाडीला चावी असून नसल्यासारखी. जुन्या गाड्यांत हे सर्रास आढळतं आणि मालक ते कौतुकाने दाखवतो, "बघ, माझी गाडी चावीशिवाय चालते!" ज्याला दाखवायला नको, त्यालाही ते दिसत असतं. इग्निशन, पेट्रोलची टाकी आणि साईड पॅनल यांचा नवा लॉकसेट बसवून घ्या. गाडीच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

४. दुसरं कुलूप घ्या आणि ते लावायला शिका

गाडीच्या अंगच्या कुलपाखेरीज एक वेगळं, बाहेरून दिसणारं कुलूप हवं. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक उत्तम. ते लहान असतं, खिशात मावतं, आणि ते लावलेलं असताना चाक फिरतच नाही. त्याच्यासोबत येणारी रंगीत दोरी हँडलला अडकवायची, म्हणजे कुलूप काढायचं विसरून आपणच गाडी पुढे दामटणार नाही. ती दोरी नसल्यामुळे सकाळच्या पाळीच्या घाईत तोंडावर पडलेले कामगार मी पाहिले आहेत.

ड्रम ब्रेकच्या गाडीला साखळी लागते. ती निवडताना पाहायच्या गोष्टी अशा. प्लास्टिकच्या नळीतली बारीक तार कटरने क्षणात तुटते. ती हेल्मेटपुरती ठीक. साखळी जाड, कडक केलेल्या पोलादाची हवी आणि कुलूपही तिच्याच तोडीचं हवं, कारण चोर साखळी सोडून कुलपाकडेच वळतो. साखळी नुसत्या चाकातून घालू नये, चाक आणि चासी दोन्हींतून घालावी. जवळ विजेचा खांब, लोखंडी जाळी, झाडाचा बुंधा असेल तर त्यालाही गुंतवावी, नाहीतर चोर गाडी उचलून टेम्पोत टाकतात. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीचा आधार मिळाला की तिच्यावर हातोडा घालता येतो आणि कटरच्या दांड्यावर पाय देऊन जोर लावता येतो. कुलपाचं तोंड खालच्या बाजूला ठेवावं. पावसाचं पाणी जात नाही आणि त्यात काही खुपसायलाही अवघड पडतं.

जवळ खांब नसेल तर दोन मित्रांनी आपापल्या गाड्या एकाच साखळीत बांधाव्यात. दोन गाड्या मिळून रस्त्याने कुणी ढकलत नेत नाही.

५. गर्दी म्हणजे पहारा नव्हे

माणसं जिथून जातात ती जागा आणि माणसं जिथे बसतात ती जागा, यांत फार फरक आहे. बसस्थानकासमोर, सरकारी दवाखान्याबाहेर, आठवडी बाजारात, मंगल कार्यालयाच्या दारात हजारो माणसं असतात, पण प्रत्येक जण आपल्या गडबडीत. तिथे चोर उठून दिसत नाही. रामनवमीला जांबात यात्रा भरते तेव्हा पंचक्रोशीतल्या गाड्या शेतात, बांधावर, रस्त्याकडेला लागतात. त्या दिवशी गावातही कोण गाडी काढतंय हे कुणी ओळखत नाही. गाव तेवढ्यापुरतं शहर होतं, तेव्हा शहरासारखंच वागावं.

चहाची टपरी, सलून, मेडिकल, पंक्चरवाला ही बसणारी माणसं. त्यांच्या समोर गाडी लावावी आणि "दादा, तासभर गाडी लावतो," एवढं सांगून जावं. सांगितल्याने ते काही राखणदार होत नाहीत, पण गाडी आणि तिचा मालक त्यांच्या डोक्यात एकत्र बसतात. दुसराच कुणी तिच्यावर बसला की निदान मान वर होते. परत आल्यावर चहा घ्यावा. जालन्याच्या मोंढ्यात माल घालायला येणारे जुने शेतकरी बैलगाडीच्या काळापासून हेच करत आले.

उजेड पाहावा. सीसीटीव्ही कॅमेरा पाहावा, पण कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नये. टोपी आणि रुमाल बांधलेल्या माणसाचा धूसर पाठमोरा फोटो, एवढाच पुष्कळदा त्याचा उपयोग होतो. आणि रोज त्याच वेळी, त्याच जागी, तितकेच तास गाडी लावत असाल तर पाळत ठेवणाऱ्याला तुमचं वेळापत्रक पाठ होतं. जागा अधूनमधून बदलावी.

६. स्टँडची पावती वाचा

मुंबईला जायचं तर आमच्याकडचे लोक परतूर किंवा जालना स्टेशनपर्यंत गाडीने जातात. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाल्यापासून पहाटे गाडी लावून रात्री किंवा दुसऱ्या दिवशी परत येणारे वाढले. अशा वेळी पैसे वाचवायला गाडी स्टेशनबाहेरच्या भिंतीला लावणं महागात पडू शकतं. पैसे देऊन स्टँडवर लावावी.

पावतीवर बहुधा ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं असतं. म्हणून लोक पावती फेकून देतात. ती फेकू नका. तिच्यावर नंबर, तारीख आणि वेळ नीट लिहिली आहे का ते तिथेच पाहा आणि फोटो काढून ठेवा. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पंचतारांकित हॉटेलातून चोरीला गेलेल्या मोटारीच्या खटल्यात सांगितलं, की चावी आणि ताबा घेतलेला असताना ‘मालकाच्या जबाबदारीवर’ एवढं छापून हॉटेलला आपल्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. ते प्रकरण चावी हवाली करण्याचं होतं, आणि आपण स्टँडवर चावी देत नाही. त्यामुळे तोच न्याय जसाच्या तसा लागेल असं नव्हे. पण गाडी तिथे लावली होती याचा पुरावा पोलिसांपुढे, विमा कंपनीपुढे आणि ग्राहक आयोगापुढे त्या चिटोऱ्याशिवाय दुसरा नसतो.

७. रात्रीची रांग गल्लीने ठरवावी

गाड्या बहुतेक पहाटे जातात. पहिल्या पाळीचा कामगार उठायच्या आधीचा आणि शेवटच्या पाळीचा झोपल्यानंतरचा जो वेळ असतो, तो सगळ्यात वाईट. आमच्या गल्लीतून एकाची गाडी अशीच गेली. ती रांगेच्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. ढकलली की थेट उताराला.

त्यानंतर गल्लीने काही गोष्टी ठरवल्या. सगळ्या गाड्या एका बाजूला, पुढचं चाक भिंतीकडे. बाहेर काढायला गाडी मागे ओढावी लागते आणि शेजारच्या गाड्या हलवाव्या लागतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे सहज ढकलली जात नाही. उशिरा येणाऱ्याने टोकाच्या गाडीला खांबाशी साखळी घालायची. घरमालकाला सांगून भिंतीत एक जाड लोखंडी कडी सिमेंटने पक्की करून घेतली. तिच्यातून आता तीन-चार गाड्यांच्या साखळ्या जातात. दारावरचा दिवा रात्रभर चालू राहतो आणि त्याचं बिल वाटून घेतलं जातं. गाडीवर साधं, मळकं कव्हर घालावं. कोणती गाडी आहे हे पाहायला कव्हर उचलावं लागतं आणि तेवढंही करायला चोर कंटाळतो.

याने चोऱ्या कायमच्या थांबल्या असं म्हणणार नाही. पण शेजाऱ्याची गाडी कोणती हे आता गल्लीत प्रत्येकाला माहीत आहे. गावातला तो ‘कुणाचा तू?’ थोडासा का होईना, शहरात आणता आला.

८. हेल्मेट, पेट्रोल, बॅटरी

गाडी जागेवर आणि तिच्यातलं काहीतरी गायब, हा रोजचा छळ. हेल्मेट आरशाला लटकवून जाऊ नये. सीटखालच्या हुकाला नाहीतर बारीक तारेच्या कुलपाने अडकवावं. पेट्रोल चोरणारा टाकीचं झाकण सहसा उघडत नाही, तो खालची नळी ओढतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत टाकीखालचा कॉक रात्री बंद करावा आणि नळीला घट्ट क्लिप लावून घ्यावी. टाकी रोज भरून ठेवू नये. बॅटरी साईड पॅनलमागे असते, म्हणून त्या पॅनलचं कुलूप चालू हवं. एवढ्या लहान चोऱ्यांची तक्रार कुणी देत नाही. पण एखाद्या ठिकाणी नळ्या कापल्या जाऊ लागल्या, तर ती जागा हेरली गेली आहे असं समजून गाडी दुसरीकडे न्यावी.

९. लपवलेला स्विच आणि जीपीएस

इग्निशनच्या वायरीत एक लहान स्विच बसवून तो सीटखाली किंवा टाकीच्या कडेला लपवला, तर वायरी जोडूनही गाडी चालू होत नाही. चोराला वाटतं गाडीच बिघडलेली आहे. ओळखीच्या फिटरकडूनच हे काम करून घ्यावं आणि स्विच कुठे आहे हे त्याच्या-आपल्याशिवाय कुणाला कळू नये. नवीन, इंजेक्शनच्या गाडीत मात्र वायरिंगला हात लावल्याने वॉरंटीची अडचण येऊ शकते. तिथे आधी डीलरला विचारावं.

जीपीएस ट्रॅकर सिमकार्डावर चालतो आणि गाडीच्या बॅटरीतून थोडी वीज सतत खातो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी उतरते. सिमचा रिचार्ज संपला की तो निव्वळ शोभेचा. तरी गाडी गेल्यानंतर ती शोधायला याच्याइतकं दुसरं साधन नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोबाईलवर गाडीचा ठिकाणा दिसतोय म्हणून दोन मित्र घेऊन तिकडे धावू नका. ठिकाणा पोलिसांना दाखवा आणि त्यांच्यासोबत जा. गाडी परत मिळते, माणूस मिळत नाही.

१०. कागद गाडीत नको

अनेक जण मूळ आरसी बुक, विमा, पीयूसी असं सगळं प्लास्टिकमध्ये घालून साईड पॅनलमध्ये ठेवतात. म्हणजे चोराला गाडीसोबत कागदही आयते. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद रस्त्यावर दाखवले तरी चालतात. मूळ कागद घरी ठेवा. दोन्ही चाव्या वेगवेगळ्या जागी ठेवा, पण दुसरी चावी कुठे आहे हे विसरू नका. विमा कंपनी पुढे दोन्ही मागते.

चासी नंबर आणि इंजिन नंबर यांचे स्वच्छ फोटो काढा. गाडीचे चारही बाजूंनी फोटो घ्या. टाकीवरचा पोचा, फाटलेलं सीट, बदललेला आरसा, सगळं त्यात दिसू द्या. नंबरप्लेट बदलली तरी पोचा बदलत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट डीलरकडूनच बसवून येते आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती बंधनकारक केली आहे. तिचं लॉक न तोडता ती काढता येत नाही आणि तिच्यावर लेझरने कोरलेला वेगळा क्रमांक असतो. हे सगळं करूनही आरसीला तुमचा आजचा मोबाईल नंबर जोडलेला नसेल तर एक दुवा तुटतो. चोरीच्या गाडीवर कुठे ई-चलान फाटलं, तर त्याचा निरोप त्या नंबरावर येतो, आणि त्यावरून गाडी कुठे फिरतेय याचा माग लागू शकतो.

११. विमा आहे म्हणजे चोरीचा विमा आहे असं नाही

इथे फार लोक फसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. पाच वर्षांचा कागद हातात पडला की मालक निश्चिंत होतो. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून छदामही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, चोरीसह असलेला भाग वेगळा घ्यावा लागतो आणि तो पुष्कळदा पहिल्या वर्षानंतर संपलेला असतो. आपली पॉलिसी आजच काढून तारीख पाहा.

मिळणारी रक्कमही गाडीच्या वयाने घटते. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घट धरतात. शोरूममध्ये एक लाखाला मिळणाऱ्या गाडीचा विमा चौथ्या वर्षात साठ हजारांच्या घरात येतो. हप्ता कमी करायला एजंट ही किंमत आणखी खाली लिहीत असेल तर तसं करू देऊ नका.

जुनी गाडी घेतली असेल तर आरसी आणि विमा दोन्ही आपल्या नावावर हवेत. विकली असेल तर ती घेणाऱ्याच्या नावावर झाली याची खात्री करा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि जबाबदारीही त्याचीच. नुसता स्टॅम्प पेपर करून विकलेली गाडी कायद्याच्या नजरेत अजून तुमच्याच अंगणात उभी असते.

१२. गाडी जागेवर नसेल तर

आधी दोन गोष्टी तपासा. घरातल्या किंवा ओळखीच्या कुणी नेली का, आणि वाहतूक पोलिसांनी उचलली का. पुण्यासारख्या शहरात नो पार्किंगमधली दुचाकी टेम्पोत घालून नेतात आणि मालक इकडे चोरी झाली म्हणून हंबरडा फोडत असतो. दोन्ही नसेल तर लगेच ११२ ला फोन करा आणि जवळचं पोलीस ठाणं गाठा. आसपासच्या दुकानदाराला त्याच दिवशी कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायची विनंती करा. काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं आणि मग ते कुणालाच परत आणता येत नाही.

चोरीचं कलम पूर्वी ३७९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०३ आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं जात असेल तर नम्रपणे सांगा, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, पुढे तो योग्य ठाण्याकडे जातो. तक्रार ऑनलाइनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ‘दोन दिवस शोधा, मग या’ असा सल्ला मिळाला तरी हातात नोंदीची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. गुन्हा नोंदवलेला असेल तर तुमच्या गाडीवर बसून दुसऱ्याने केलेल्या उद्योगांबद्दल विचारणा झाली तरी दाखवायला हातात कागद असतो.

त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. उशीर झालाच तरी हताश होऊ नका. गुन्हा ताबडतोब नोंदवला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा खरा दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलं आहे. आरटीओला अर्ज द्या, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर चढणार नाही. कर्ज असेल तर बँकेलाही कळवा. तपास होऊन गाडी सापडली नाही, तर गुन्हा खरा पण छडा लागला नाही अशा अर्थाची ‘अ’ समरी न्यायालयात जाते, आणि विम्याची रक्कम बहुधा त्या कागदानंतरच सुटते. गाडी सापडली तर ती न्यायालयाच्या परवानगीने सुपूर्तनाम्यावर मिळते. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्यांतल्या कितीतरी अशा आहेत, ज्यांचे मालक त्या आणायला गेलेच नाहीत.

१३. बिनकागदाची गाडी घेऊ नका

हा धडा शहरातल्यांपेक्षा गावातल्या माझ्या माणसांसाठी जास्त आहे. संभाजीनगरात, पुण्यात चोरलेली गाडी तिथे फार दिवस थांबत नाही. ती खेड्यात येते. "शेतात चारा आणायला पाहिजे, कागद कशाला लागतात?" असं म्हणत पंधरा-वीस हजारांत ती कुणीतरी घेतो. विकणारा सांगतो, बँकेने ओढून आणलेली आहे, कागद महिन्याने देतो. तो महिना कधी येत नाही.

चोरीचा माल आहे हे कळत असताना, किंवा कळायला पुरेसं कारण असताना घेतलेली वस्तू हाही गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे साध्या चोरीइतकीच. गाडी घेताना चासी आणि इंजिनवरचे नंबर आरसीशी आणि परिवहनच्या ॲपवरच्या माहितीशी ताडून पाहा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला, रंगाखाली दबलेला दिसला तर सौदा तिथेच मोडा. विकणाऱ्याचं ओळखपत्र घ्या आणि नावावर करण्याचे अर्ज त्याच दिवशी सह्यांसह ताब्यात घ्या.

वाळूजच्या गल्लीत गाडी जाते ती तिकडच्या कुणा गरीब कामगाराची. हप्ते फिटलेले नसतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायला वाहन नसतं. तो कामगार बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या गावातून आलेला असतो. साखळ्या, कुलपं, कॅमेरे ही सगळी कामं मालकाने करायची आहेत आणि ती त्याने करावीतच. पण चोरीच्या गाडीला गिऱ्हाईक मिळालं नाही तर ती चोरण्यात अर्थ उरत नाही, आणि हे काम मालकाच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. तेव्हा स्वस्तात गाडी घेऊन कुणी दारात उभा राहिला, की आधी कागद मागा, आणि कागद नसतील तर तिला अंगणातही येऊ देऊ नका.